शेवटचं बोला

वाघमोडेचा मला हेवा वाटायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी जे लिहीन त्यातून वाचणाऱ्याला तेवढं वजा करून घेता येईल. काळ गेला की माणूस उदार होतो म्हणतात. मी झालेले नाही. परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने सहज विचारलं, "मॅडम, ते वाघमोडे सर नक्की कसे होते हो?" आणि मी "चांगला होता" एवढंच म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळले. त्याला दोन शब्दांत गुंडाळलं याचं मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. तो दोन शब्दांत मावणारा माणूस नव्हता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

रामकिसन वाघमोडे आमच्याकडे आला तेव्हा मी तिथे चांगली मुरलेली होते. आमची कंपनी म्हणजे उस्मानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. आम्ही वेबसाइट करून द्यायचो. मंगल कार्यालयांच्या, शिकवणी वर्गांच्या आणि सगळ्यांत जास्त प्लॉटवाल्यांच्या, कारण शहर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. बीड बायपासला, शेंद्र्याकडे, जिकडे बघावं तिकडे चुन्याच्या रेघा मारलेली रानं. आणि त्याच वर्षांत पाणी नव्हतं. मी सकाळी एखाद्या प्लॉटवाल्याच्या पानावर कारंज्याचं चित्र चढवायचे आणि दुपारी आमच्याच बाथरूमच्या दारावर 'बादलीत पाणी कमी आहे, बेताने वापरा' अशी चिठ्ठी चिकटवायचे. दोन्ही कामं मन लावून करायचे. माझ्या कामात खोट काढायला जागा नसायची. अडचण अशी होती की जागा नसल्यामुळे कुणी तिकडे बघतच नसे.

वाघमोडेकडे मात्र सगळे बघायचे. बघावं लागायचंच. उंच, काळासावळा, मिशांना पीळ, अंगात पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट आणि शर्टावर गुलमंडीतून आणलेलं अत्तर इतकं, की तो जिन्यात असतानाच तो आल्याचं वरच्या खोलीत कळायचं. खुर्चीवर मांडी घालून बसायचा. खिशात कायम भाजलेल्या शेंगा. टरफलं टेबलाच्या वरच्या खणात. स्वतःवर फार खूश होता तो. स्वतःचा विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचा आणि समोरचा तो विनोद ऐकायच्या आधीच त्याच्याबरोबर हसायला लागायचा, हे माझ्या तर डोक्यातच जायचं. मी एकदा त्याचाच एक विनोद, अगदी शब्द न् शब्द तसाच, घरी सांगून पाहिला होता. कुणी हसलं नाही.

त्याच्या मुलाखतीची गोष्ट आमचे सर अजून सांगतात. सर म्हणजे मालक. त्यांना एका दमात पाच प्रश्न विचारायची सवय. त्यांनी सुरू केलं, "कॉलेज इथलंच का, आधीची नोकरी का सोडली, काय काय येतं तुम्हाला, घरी कोण कोण आहे, आणि चहा घेणार का?" वाघमोडे म्हणाला, "घेईन. बिनसाखरेचा." आणि गप्प बसला. सर वाट बघत राहिले. तोही वाट बघत राहिला. शेवटी सरांनी विचारलं, "अहो, बाकीच्यांचं काय?" तर म्हणतो, "सर, माणूस शेवटी जे विचारतो तेच त्याला खरं पाहिजे असतंय. पैलं सगळं तोंडाला आलं म्हणून असतंय." सरांनी त्याला चहा पिता पिता नोकरीवर घेतलं. माझ्या मुलाखतीत मी पाचही प्रश्नांची क्रमाने उत्तरं दिली होती, आणि माझ्यासमोरचा चहा गार झाला होता.

हे त्याचं नाटक नव्हतं. तो तसाच होता. कुणी कामांचा भारा घेऊन टेबलापाशी आलं, की तो शेंग फोडत ऐकून घ्यायचा आणि हात वर करून म्हणायचा, "शेवटचं बोला." गिऱ्हाईक फोनवर चिडून आधी रंगाबद्दल, मग अक्षरांबद्दल, मग उशिराबद्दल बोलत सुटलं तरी हेच. "हां मालक, ऐकायलो. शेवटचं बोला." आणि गंमत म्हणजे ते गिऱ्हाईक थबकून खरंच एक काहीतरी सांगायचं, वाघमोडे तेवढं करून टाकायचा, आणि ते खूश व्हायचं. आधीची चार गाऱ्हाणी कुठे गेली हे कुणी विचारत नसे. मी ती चारही लिहून घेतलेली असायची आणि एकेक निस्तरत संध्याकाळ व्हायची. आभाराचा फोन मात्र त्याला यायचा.

खालच्या गल्लीतला चहावाला त्याला बघितल्याबरोबर कप विसळायला घ्यायचा. "चाचा, आज चाय पतली क्यों है? टँकर जास्तीचा आला का?" असं हा ओरडायचा आणि चाचा मनापासून हसायचा. मी त्या चाचांकडे किती वर्षं चहा पीत होते! त्यांना दात किती आहेत हे मला वाघमोडे आल्यावर कळलं.

इथपर्यंत मी सोसलं. पण तो आमच्या घरी आला ते मला जास्त लागलं. आमचे अण्णा कोर्टात नाझर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलायला माणूस लागायचं आणि त्यांचं बोलणं म्हणजे एका वेळी चार खटले चालवल्यासारखं. गुडघा, शेजाऱ्यांची बोअर, कोर्टातला जुना किस्सा, कोथिंबीर, आणि परत गुडघा. मी मान हलवत राहायचे. एका रविवारी वाघमोडे कसलीशी फाइल न्यायला आला, अण्णांनी त्याला बसवून घेतलं, आणि मी आतून चहा घेऊन येईपर्यंत अण्णांची गाडी सुसाट निघाली होती. ते श्वास घ्यायला थांबल्यावर वाघमोडे म्हणाला, "काका, शेवटचं काय म्हणलात? कोथिंबिरीचं?"

"कोथिंबीर जळते रे उन्हानं. कुंडीतली."

"गोणपाट ओलं करून आडवं बांधा. पाणी कमी लागतंय. कुठाय कुंडी?"

आणि दोघं गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने अण्णा खाली आले ते मातीचे हात घेऊन, आणि मला म्हणाले, "हा मुलगा ऐकतो गं. तू आपली नुसती मान हलवतेस." मी त्यांची मुलगी. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या तोंडपाठ असलेली. मी कप विसळायला आत निघून गेले आणि नुसत्या फडक्याने पुसून ठेवले, पाणी जपायचं होतं म्हणून.

त्याच उन्हाळ्यात टँकरचं काम आलं. एका तालुक्याच्या कचेरीला असं पान हवं होतं की गावोगावच्या ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरने त्यावर गाव निवडायचं, मग त्या गावची वस्ती निवडायची, आणि टँकरची मागणी पाठवायची. कचेरीत ती दिसली की टँकर सुटणार. एका तालुक्यात जमलं तर पुढे सगळे तालुके मिळणार होते. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "जो हे नीट उभं करील, तो पुढं या सगळ्या कामाचा प्रमुख." मला ते प्रमुखपद हवं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही, मला ते अगदी मनापासून हवं होतं. मागच्या खोलीत बसून इतकी वर्षं कारंजी चढवली होती. एकदा तरी कुणी चार लोकांत म्हणावं, हे मुळे मॅडमनी केलं. बस, एवढंच.

पान मी लिहिलं, चाचणीपुरती तोंडाला येतील ती गावं भरली, आणि पहिल्याच चाचणीत ते घसरलं. ऑपरेटरने चुकून आधी करमाड निवडलं, लक्षात आल्यावर लगेच पाचोड निवडलं. पानाने करमाडच्या वस्त्या विचारायला एक विनंती पाठवली, मग पाचोडच्या वस्त्या विचारायला दुसरी. इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चाललेलं. पाचोडचं उत्तर आधी आलं, करमाडचं रेंगाळत मागून आलं आणि आधीच्या उत्तरावर जाऊन बसलं. वर गाव पाचोड, खाली वस्त्या करमाडच्या. असा टँकर सुटला असता तर ड्रायव्हर पाचोडच्या रानात करमाडची वस्ती हुडकत फिरला असता.

मी त्यावर जो उपाय केला तो चुकीचा नव्हता, हे आजही सांगते. एक उत्तर येईपर्यंत पान बंद. मधे एक चाक फिरत राहील, कुणाला काही दाबता येणार नाही. बिनचूक काम होतं. फक्त ते चाक फिरायचं ते फिरतच राहायचं आणि चाचणीला घेतलेले ऑपरेटर लोक वैतागून पान बंद करून फोन करायचे. सरांनी वाघमोडेला बघायला सांगितलं. त्याने माझ्या खुर्चीवर मांडी घातली, थोडा वेळ वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमी माणसाला दारात हुबं करून ठेवलं की!"

"मग काय करायचं? उत्तरं वाटेल त्या क्रमानं येतात."

"येऊ द्या की. समजा मी चहा सांगितला. मग म्हणलं कॉफी आणा. मग म्हणलं काय बी नको, सरबत आणा. आता चहावाला कप घेऊन आला तर त्याला आत घ्यायचं व्हय? 'जा बाबा माघारी' म्हणायचं. सरबत आलं की प्यायचं."

त्याने प्रत्येक विनंतीला एक नंबर दिला. उत्तर आलं की त्याचा नंबर बघायचा. शेवटच्या विनंतीचं असेल तर दाखवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. पुढे तर त्याने असं केलं की नवी विनंती निघाली की वाटेत असलेली जुनी रद्दच व्हावी. मोजक्या ओळींचं काम. चाक गेलं, पान वाऱ्यासारखं चालायला लागलं. सर म्हणाले, "बघा, शेवटचं बोला!" आणि सगळी खोली हसली. मी पण हसले. चिडले होते ते उपाय सोपा होता म्हणून नाही. ते सगळं मला येत होतं. नंबर देणं मी वाचलेलं होतं, कॉलेजात शिकलेलं होतं. मला ते सुचलं नाही, आणि त्याला सुचावं लागलंच नाही, कारण तो रोज तसाच वागत होता. माझा जळफळाट झाला तो यावर.

पान सुरू झालं. आठवडाभरात कचेरीतून फोन आला, पाचोडच्या पुढच्या एका गावातल्या दोन वस्त्यांना टँकर मिळाला नाही, बायका घागरी घेऊन कचेरीत आल्यात. टँकरचा ड्रायव्हर म्हणत होता मला सांगितलंच नाही, कचेरीतले साहेब म्हणत होते तू परस्पर दुसरीकडे पाणी ओतलंस. आम्हालाही बैठकीला बोलावलं. सरांनी मला एक काम दिलं, सकाळी आधी त्या गावी जाऊन बघून या. कुणालाच वाटत नव्हतं की दोष पानाचा असेल, म्हणून मला पाठवलं.

ग्रामपंचायतीत सुमन नावाची ऑपरेटर होती. मी म्हटलं, रोज करतेस तसंच कर, मी नुसती बसते. वीज आली तशी ती खुर्चीत सरसावली. "लाइट हाय तवर उरकून घ्यावं लागतंय मॅडम, कवा जाईल नेम नाय," असं म्हणत तिने गाव निवडलं, पहिली वस्ती निवडली, मागणी पाठवली. उत्तराची वाट न बघता दुसरी वस्ती, पाठवली. तिसरी, पाठवली. पानावर हिरवी अक्षरं आली, 'मागणी नोंदली'. ती समाधानाने उठली. मी कचेरीत फोन करून विचारलं, आत्ता या गावची कुठली मागणी दिसते? फक्त तिसरी.

मला तिथे बसल्या जागी सगळं उलगडलं. वाघमोडेने नवी आली की जुनी रद्द हा नियम सगळ्या पानाला लावला होता. वस्त्या विचारायला लावला तसाच टँकर मागायलाही. दुसरी मागणी निघताच वाटेतली पहिली रद्द. तिसरी निघताच दुसरी रद्द. आणि रद्द झालेलीची तक्रार येत नाही, ती मुकाट्याने मरते. शहरात बसून आम्ही एक मागणी पाठवून बघत होतो, ती जायची. वीज जाईल या धाकाने भराभरा बटण दाबणारी सुमन आमच्या कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आणि गंमत बघा, वाघमोडे त्याच भागातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर वाढलेला. त्याच्या डोळ्यांसमोर तरी ती असायला हवी होती.

तिथून कचेरीपर्यंत जीपमध्ये मी एक वाक्य तयार केलं. दोन्हीकडे तडकलेली रानं होती आणि मी आपली वाक्य घोळवत होते. 'विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं. विचारलेलं पुसलं तर चालतं, मागितलेलं पुसायचं नसतं.' बैठकीत उठायचं, हे म्हणायचं आणि बसायचं. इतकं चांगलं वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं होतं.

कचेरीच्या व्हरांड्यात वाघमोडे शेंगा खात उभा होता. मी त्याला आधी बाजूला घेऊन सांगितलं. ते मोठ्या मनाने नाही. लोकांसमोर तो सावरून घेईल हे मला माहीत होतं, आणि मला त्याचा चेहरा उतरताना एकटीने, जवळून बघायचा होता. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, वाक्यसुद्धा म्हणून दाखवलं. तो खाता खाता थांबला. हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाला, "आयला! खरंच की!" आणि चेहरा उतरायच्या ऐवजी एकदम उजळला. "शाब्बास मॅडम! लई भारी धरलं तुमी!" लोक वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं.

बैठकीत साहेब ड्रायव्हरला झापत होते. मी माझी फाइल सरळ केली, घसा खाकरला, आणि तेवढ्यात वाघमोडे उभा राहिला.

"साहेब, त्याला सोडा. त्याची चूक नाय. माझी हाय."

मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि काय सांगितलं! घागरी घेऊन दाराशी उभ्या असलेल्या बायकांनाही कळेल असं. "ह्या मुळे मॅडम सक्काळी गावात जाऊन बसल्या, त्यांनी धरली ही चूक. त्या म्हणतात ते बघा, विचारणं येगळं न् मागणं येगळं. विचारलेलं पुसलं तर चालतंय, मागितलेलं पुसायचं नाय. मी पुसलं. आज दुपारपोत्तर दोन्ही वस्त्यांना पाणी पोचलं पाहिजे, आन् संध्याकाळपोत्तर पान नीट झालं पाहिजे."

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी वाघमोडेचा हात हातात घेतला. "असं बोलणारा माणूस आम्हाला रोज बघायला मिळत नाही हो." ड्रायव्हर रडवेला होऊन त्याच्या पाया पडायला लागला. दारातली एक म्हातारी म्हणाली, "लेकरू गुणाचं हाय." त्याने माझं नाव घेतलं होतं, नीट, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मला तक्रार करायलासुद्धा त्याने जागा ठेवली नव्हती. पण बघत सगळे त्याच्याकडे होते, आणि माझं वाक्य त्याच्या तोंडून इतकं छान वाटलं होतं की ते आता माझं राहिलं नाही. चूक त्याची, ती धरली मी, आणि मोठा झाला तो.

ते पान तिथेच बसून मी नीट केलं. वस्त्या विचारायच्या असतील तर शेवटचं तेवढं धरायचं. मागणी पाठवायची असेल तर रांग लावायची. पहिली पोचल्याचं उत्तर आलं की दुसरी सोडायची, दुसरीचं आलं की तिसरी, आणि वीज गेली तर उरलेल्या जपून ठेवून वीज आल्यावर पाठवायच्या. कुठलीही मागणी टाकायची नाही. प्रत्येक वस्तीपुढे तिची मागणी पोचली की नाही ते दिसेल असं केलं. वाघमोडे मागे उभा राहून बघत होता आणि अधूनमधून "वा मॅडम" म्हणत होता. ती रांग चांगली चालली. पुढे तीच आम्ही बऱ्याच ठिकाणी वापरली, आणि ऑफिसात तिला नाव पडलं 'वाघमोडेची रांग'. त्याने दोन-तीनदा दुरुस्त करून सांगितलं, "अरे, ती मॅडमची हाय." त्यामुळे ते नाव आणखी पक्कं झालं.

प्रमुख तोच झाला. सर मला समजावायला म्हणाले, "काम तुमचंच जास्त बिनचूक आहे, मुळे. पण चूक अशी उभं राहून कबूल करणारा माणूस पुढं लागतो." म्हणजे मी एखादी चूक करायला हवी होती. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन पावसाळ्यांनंतर त्याला हैदराबादला मोठी नोकरी लागली. निरोपाला चाचांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि आमचे अण्णा गुडघा धरत जिना चढून आले. प्रमुखपद मला मिळालं. मला ते हवं होतं आणि मिळाल्यावर मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. फक्त कितीतरी महिने त्या टेबलावरचा फोन उचलला की पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "वाघमोडे साहेब हायेत का?" मी "नाहीत" म्हटलं की, "बरं, मग राहू द्या." मी त्यांना कधी 'शेवटचं बोला' म्हणाले नाही. जे सांगायचं ते सगळं सांगा म्हणायचे. ते सांगायचे नाहीत.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. मी जालन्याहून कामावरून परत येत होते. करमाडला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. हॉटेलासमोर एका जुन्या मोटारसायकलला टेकून तो उभा होता. पोट सुटलेलं, मिशा अर्ध्या पांढऱ्या, शर्ट मात्र तसाच. आधी माझी नजर मोटारसायकलकडे गेली आणि मला गारगार वाटलं, की एवढं हैदराबाद करून हा अजून यावरच आहे. मग कळलं, ती मेहुण्याची. थोरली बहीण करमाडला दिलेली, तिच्याकडे तो आईला घेऊन आला होता.

"मॅडम!" तो ओरडला, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हातारीला म्हणाला, "आई, ह्या बघ मुळे मॅडम."

म्हातारी उठली. हिरवं लुगडं, हातभर गोंदण, उन्हाने रापलेला चेहरा. माझे दोन्ही हात धरून तिने मला खालीवर न्याहाळलं. "तूच व्हय ती? टेबलावर हात आपटणारी?"

मला कळेना. ती बाकावरच्या दुसऱ्या बायकांकडे वळून सांगायला लागली. "ही कचेरीत एकली हुबी राह्यली बाई! सगळे साहेबलोक बसलेले. हिनं टेबलावर असा हात आपटला, न् म्हणली, विचारणं येगळं न् मागणं येगळं! आमच्या बायांनी मागितलेलं पाणी तुमच्या यंत्रानं खाल्लं! कुणाच्या तोंडातून शब्द नाय निघाला. साहेबानं उठून हात जोडले हिला. आन् आमचा ह्यो," तिने वाघमोडेच्या दंडावर चापट मारली, "ह्यो खाली मान घालून हुबा. आमच्या सगळ्या वस्तीला ठाव हाय. पोरींना सांगतो ना ह्यो, शिका, अशा व्हा म्हणून."

मी वाघमोडेकडे बघितलं. तो मिशीला पीळ देत रस्त्याकडे बघत होता. त्याला तेव्हा काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. मी टेबलावर हात आपटला नव्हता. मी तर उभीसुद्धा राहिले नव्हते. व्हरांड्यात हळू आवाजात बोलले होते, ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. हे सगळं मी त्या म्हातारीला सांगू शकले असते.

"होय मावशी," मी म्हटलं, "मीच ती."

तिने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. वाघमोडे म्हणाला, "चल आई, ऊन व्हायलंय." त्याने तिला मोटारसायकलवर नीट बसवलं, तिच्या लुगड्याचा पदर चाकात जाणार नाही असा खोचला, मला नुसता हात केला आणि दोघं धुळीतून वळून गेले.

मी गाडीत बसले. त्या वस्तीवर ती बाई अजून टेबलावर हात आपटते आहे, साहेब अजून उठून तिला हात जोडताहेत, आणि पोरी तिच्याकडे बघताहेत. शहर येईपर्यंत मी तिचाच विचार करत होते. इतकी वर्षं मी वाघमोडेवर जळले, पण त्या बाईचा मला जितका हेवा वाटला तितका त्याचाही कधी वाटला नव्हता.